खरी मेख

दातांवर मराठी माणसाने जितके वाक्प्रचार खर्ची घातले आहेत, तितके शरीराच्या दुसऱ्या कोणत्या अवयवावर घातले असतील की नाही याची मला शंकाच आहे. आपण संतापलो की दातओठ खातो. शरण गेलो की दाती तृण धरतो. भीतीने आपली दातखिळी बसते, विनवण्या करता करता दातांच्या कण्या होतात, आणि प्रतिपक्ष फारच बोलू लागला तर त्याचे दात त्याच्याच घशात घालण्याची आपली तयारी असते. पण या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात एक कल्पना कुठेच सापडत नाही. दात जागचा उचलून दुसरीकडे नेता येतो, ही ती कल्पना. आपल्या भाषेत दात येतो, किडतो, दुखतो, हलतो आणि पडतो; चालत मात्र नाही.

वाचकहो, तो चालतो. हाडातून चालतो, मुळासकट चालतो, आणि चाळिशी उलटलेल्या माणसाच्या तोंडातही चालतो. वेग विचाराल तर महिन्याला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावातील विकासकामांपेक्षा किंचित जास्त.

हे ज्ञान मला ग्रंथांतून झालेले नाही. मी परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. वय चव्वेचाळीस. माझे वरचे आणि खालचे पुढचे दात जन्मात एकमेकांना भेटले नव्हते. तोंड घट्ट मिटले, दाढांवर दाढा बसल्या, तरी पुढे चार मिलिमीटरची फट राहायचीच. डॉक्टर याला 'ओपन बाइट' म्हणतात. आमच्या आजीने त्याला 'खिडकी' म्हटले होते, आणि मला आजीचाच शब्द अधिक नेमका वाटतो. खिडकी असलेल्या माणसाला पेरू तोडता येत नाही, शिवणाचा दोरा दातांनी तुटत नाही, शेंगेची टरफले फोडायची तर ती गालाकडे न्यावी लागतात. भाकरी मी आयुष्यभर बाजूच्या दातांनी, मान किंचित कलती करून खाल्ली. लोकांना ती माझी लकब वाटे.

मराठीच्या मास्तराची त्यात आणखी एक पंचाईत असते. आपल्या भाषेत 'च' दोन आणि 'ज' दोन. 'चार' म्हणताना जीभ टाळूकडे जाते, 'चारा' म्हणताना ती दातांच्या मागे टेकते. दुनिया या अर्थाचे 'जग' वेगळे आणि 'तू शंभर वर्षे जग' यातले 'जग' वेगळे. लिपीत भेद नाही, तो तोंडातच करावा लागतो. दरवर्षी वर्णोच्चाराचा तास आला की मी हा भेद फळ्यावर चित्र काढून समजावीत असे आणि माझ्या स्वतःच्या तोंडातून 'चारा' शिटी वाजवत बाहेर पडत असे. मागच्या बाकावर तीच शिटी हलकेच परत यायची. मुलांना मी दोष देत नाही. त्या वयात मीही दिली असती.

परंतु मी डॉक्टरांकडे गेलो तो शिटीसाठी नव्हे. माझ्या तोंडात चावण्याचा सगळा भार शेवटच्या चार-सहा दाढांवर पडत होता. चाळीस वर्षांत त्या झिजून सपाट झाल्या होत्या, आणि दिवसाला चार तास घेतले की कानापुढचा सांधा रात्री ठणकू लागे. वाकड्या किंवा न मिटणाऱ्या दातांकडे आपण सौंदर्याचा प्रश्न म्हणून पाहतो, म्हणून तो प्रश्न लग्नापूर्वी महत्त्वाचा ठरतो आणि लग्नानंतर संपतो. 'आता या वयात कुणाला दाखवायचेत?' हा आमच्या घरातला पहिला उद्गार होता. आमच्या सौभाग्यवतींनी तर 'दुसरा घरोबा करायचा विचार दिसतो' असे म्हणून विषय हसण्यावारी नेला. दाखवायचे दात आणि खायचे दात निराळे असतात हे हत्तीच्या बाबतीत आपल्याला पटते. माणसाच्या बाबतीत आपण फक्त दाखवायच्याच दातांची काळजी करतो.

आता दात चालतो कसा ते सांगतो. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरहूनही पातळ असा तंतूंचा पडदा असतो, आणि दात त्यात झुल्यासारखा टांगलेला असतो. दातावर हलका पण सतत दाब दिला की ज्या बाजूला पडदा चेपतो त्या बाजूचे हाड विशिष्ट पेशी कुरतडून टाकतात, आणि ज्या बाजूला ताण पडतो तिथे दुसऱ्या पेशी नवे हाड रचतात. पुढे खोदकाम, मागे बांधकाम, असा हा प्रवास. जोर जास्त लावला तर दात लवकर जातो असे मुळीच नाही. रक्तपुरवठा तुटतो, काम अडते आणि कधी मुळालाच इजा होते. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सेल्ससने लिहून ठेवले होते की लहान मुलाचा नवा दात वाकडा आला तर तो रोज बोटाने ढकलावा. १७२८ साली फ्रान्समध्ये पिअर फोशारने दातांना बांधायची धातूची पट्टी वर्णन केली. १८९९ साली अमेरिकेत एडवर्ड अँगलने दाढांच्या परस्परसंबंधावरून चाव्याचे तीन वर्ग पाडले, आणि आजही कोणताही दंतवैद्य रुग्णाच्या कागदावर पहिल्यांदा त्याच वर्गाचा आकडा लिहितो.

मग इतके सारे ठाऊक असताना अडले कुठे? खरी मेख इथेच आहे, आणि ती पुढे अक्षरशः मेखच ठरली.

आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात रानात ट्रॅक्टर फसला की तो काढायला दुसरा ट्रॅक्टर आणतात आणि दोर बांधून ओढतात. पुष्कळदा काय होते, फसलेला निघतो चार बोटे आणि ओढणारा रुततो वीतभर. कारण साधे आहे. दोराला दोन्ही टोकांना सारखाच हिसका बसतो. न्यूटनने १६८७ साली हाच नियम लॅटिनमध्ये मांडला, आमचे शेतकरी तो दर आषाढात चिखलात अनुभवतात. शहाणा माणस दोराचे दुसरे टोक बांधावरच्या निंबाच्या बुंध्याला बांधतो आणि मग कप्पी लावतो.

दातांचे नेमके हेच दुखणे. पुढचे दात मागे ओढायचे तर तार कशाला तरी अडकवावी लागते. ती दाढेला अडकवली की दाढही पुढे सरकते. दाढा वर ढकलायच्या म्हटले तर शेजारचे दात खाली येतात. डॉक्टर या आधाराला 'अँकरेज' म्हणतात. मी कोश उघडून पाहिला, तर 'अँकर'ला मराठी शब्द 'नांगर'. कोकणातल्या दर्यावर्दी माणसाला तो बरोबर वाटेल, कारण त्याचा नांगर तळाशी रुतून गलबत जागी धरतो. आमच्या परभणीकडे मात्र नांगर म्हणजे बैलांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यायची वस्तू! दातांच्या डॉक्टरांची शंभर वर्षांची तक्रार याच एका शब्दात सामावलेली आहे: त्यांना हवा होता कोकणचा नांगर, आणि दाढेच्या रूपाने हाती येत होता मराठवाड्याचा.

यावर जुना उपाय होता तो तोंडाबाहेरचा. डोक्याला किंवा मानेला पट्टा, त्याला तारेची चौकट, आणि ती दाढांना जोडलेली. दिवसाचे बारा-चौदा तास तो साज चढवून बसायचा. शाळकरी पोर आईच्या धाकाने रात्री तो घालीलही. पण एसटीच्या साडेसातच्या गाडीने कॉलेजला जाणारा अधिव्याख्याता तो घालणार कधी? दुसरा उपाय शस्त्रक्रियेचा. वीस वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात मला तोच सांगण्यात आला होता: वरचा जबडा कापून वर बसवायचा. सल्ला त्या काळाला धरून होता. परंतु खर्च ऐकून वडील गप्प बसले, आणि शस्त्रक्रियेचे वर्णन ऐकून मी.

हाडातच खुंटी मारावी आणि तिला दोर बांधावा, हे कुणाला सुचले नव्हते असे नाही. १९४५ साली अमेरिकेत गेन्सफोर्थ आणि हिग्ली या दोघांनी कुत्र्यांच्या जबड्यात व्हिटॅलियम नावाच्या मिश्रधातूचे स्क्रू बसवून पाहिले. सोळा ते एकतीस दिवसांत सगळे सैल होऊन निघाले. पुढे १९५२ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क सशाच्या हाडातले रक्ताभिसरण पाहत असताना त्याला आढळले की टायटॅनियमची नळी हाडाने इतकी आपलीशी केली आहे की ती निघता निघत नाही. त्यातून कायमचे कृत्रिम दात बसवण्याची विद्या निघाली आणि १९६५ साली पहिल्या माणसावर तिचा प्रयोग झाला. दात सरकवणाऱ्यांचे लक्ष हाडातल्या खुंटीकडे पुन्हा वळले ते १९८३ साली. क्रीकमोर आणि एक्लंड या अमेरिकन डॉक्टरांनी एका रुग्णाच्या नाकाखालच्या हाडात एक स्क्रू बसवला आणि त्याच्या आधाराने वरचे पुढचे दात सुमारे सहा मिलिमीटर वर उचलून दाखवले. स्क्रू हलला नाही. तरीसुद्धा पुढची चौदा वर्षे फारशी कुणी ती वाट धरली नाही. १९९७ साली जपानमधील कानोमी यांनी तुटलेल्या हाडांच्या पट्ट्या बसवायला वापरतात तसला १.२ मिलिमीटर जाडीचा इवलासा स्क्रू दोन दातांच्या मुळांमध्ये बसवला. जपानमध्येच सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९९९ साली जबड्याच्या हाडावर टायटॅनियमच्या लहान पट्ट्या बसवून खालच्या दाढा तीन ते पाच मिलिमीटर आत दाबल्या, आणि माझ्यासारख्या खिडक्या बिनशस्त्रक्रियेच्या मिटवल्या. दक्षिण कोरियातील देगूच्या क्युंगपूक विद्यापीठातील दंतवैद्यांनी खास या कामाचे स्क्रू घडवले, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते जगभर पसरले.

ते परभणीपर्यंत आले, ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी घटना. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आमच्या गावाच्या कपाळी लिहिलेली आहे. तिचे अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. दातांच्या बाबतीत पूर्वी तिचा अर्थ असा होता की हैदराबाद, पुणे, निदान औरंगाबाद जमले तर जमले, नाहीतर परभणीतच वाकडे दात घेऊन राहा. तारांच्या उपचाराला दर महिन्याला खुर्चीत बसावे लागते, तेही दीड-दोन वर्षे. गावापासून दोनशे किलोमीटरवर असलेला डॉक्टर कितीही स्वस्त असला तरी वीस-बावीस फेऱ्यांचे भाडे आणि रजा ही त्याची खरी फी असते. आज परभणीत सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे, आणि या शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर गावात दवाखाने चालवतात. मी गेलो तो अशाच एका तरुण डॉक्टरकडे. तो माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. मला 'सर' म्हणे आणि लगेच 'आ करा' म्हणून हुकूम सोडी.

पहिले तीन महिने त्याने स्क्रूचे नावसुद्धा काढले नाही. आधी हिरड्या. प्रौढाच्या तोंडात वय आडवे येत नाही, हिरड्यांचा रोग आडवा येतो. सुजलेल्या हिरडीत आणि झिजलेल्या हाडात दात सरकवणे म्हणजे पडक्या भिंतीतली वीट काढून दुसरीकडे बसवणे. मिश्री, तंबाखू, गुटखा (राज्यात २०१२ पासून बंदी आहे, असे ऐकतो!) या सगळ्यांची त्याने खोदून चौकशी केली. सिगारेट ओढणाऱ्यांच्या तोंडात हे स्क्रू अधिक प्रमाणात निखळतात. सुदैवाने माझे व्यसन चहापुरतेच होते.

स्क्रू बसवायचा दिवस मी मनात फार मोठा करून ठेवला होता. प्रत्यक्षात तो अपमान वाटावा इतका लहान निघाला. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा तो खिळा. जाडी दीड-दोन मिलिमीटर, लांबी आठ ते बारा. हिरडीत भुलीचे काही थेंब. मग घड्याळजीच्या हातात असतो तसा एक पेचकस घेऊन डॉक्टर सावकाश फिरवू लागला. दुखले नाही, पण दाब असा जाणवला की आपल्या डोक्याच्या आत कुणी दाराची बिजागरी बसवीत आहे. गालाच्या हाडाखाली दोन्ही बाजूंना एकेक आणि टाळूत दोन, असे चार. बाहेरच्या बाजूने नुसते ओढले तर दाढ बाहेर कलते, म्हणून टाळूतल्या दोघांनी तिला आतून सांभाळायचे. या स्क्रूंना दातांच्या तारेपासून रबराच्या बारीक साखळ्या ताणून बांधल्या. ताण मोजायचा छोटा काटा होता. दीडशे ग्रॅम. एवढ्याने काय होणार, असे माझ्या चेहऱ्यावर दिसले असावे, कारण डॉक्टर म्हणाला, "सर, पाणी दगड झिजवतं ते जोरानं नाही."

मी त्याला विचारले की हा स्क्रू हाडाशी एकजीव झाला तर पुढे निघणार कसा? तो म्हणाला, हा ब्रोनेमार्कच्या दातासारखा एकजीव होऊ नये अशीच अपेक्षा असते. लाकडात पेच धरतो तसा हा नुसता हाडात आवळून धरतो, आणि काम झाले की उलटा फिरवून काढता येतो. बारीकसे भोक आपोआप भरून येते. आता उघडच आहे की जे सहज निघते ते कधी अवेळीही निघते. तपासलेल्या आकडेवारीत शंभरातले तेरा-चौदा स्क्रू असे सैल होतात. माझा उजव्या गालाकडचा तिसऱ्याच आठवड्यात डगमगू लागला. वेदना काही नाही. जेवताना जिभेला ते खेळणे सापडले एवढेच. डॉक्टरने तो काढला, दीड महिना थांबून थोडा वर दुसरा बसवला, आणि तो टिकला. शिवाय हे स्क्रू निंबाच्या झाडाइतके अढळ नसतात. २००४ साली तैवानमध्ये मोजमाप झाले तेव्हा ताणाखाली काही स्क्रू मिलिमीटर-दीड मिलिमीटरपर्यंत कललेले आढळले. म्हणून मुळांपासून अंतर राखूनच ते बसवावे लागतात. ज्याच्या हाती क्ष-किरण चित्र नाही आणि जो 'सहा महिन्यांत हमखास' असे फलकावर लिहितो, त्याच्या खुर्चीत मी तरी बसणार नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वाढत्या मुलात जबड्याची वाढ वळवता येते, प्रौढात ती संपलेली असते. जबडाच फार मागे-पुढे असेल तर स्क्रू कितीही मारले तरी शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही. स्क्रूने मधल्या पट्टीतल्या लोकांची सोय केली: ज्यांना नुसत्या तारा अपुऱ्या आणि कापाकापी अवाजवी, त्यांची. अशी माणसे थोडी नाहीत.

खिडकी मिटते ती मागून. जबडा कानापाशी बिजागरीवर फिरतो, त्यामुळे मागची दाढ एक मिलिमीटर वर गेली की पुढची फट दोन-तीन मिलिमीटरने कमी होते. दाराच्या बिजागरीपाशी अडकलेला खडा काढला की दार पुढे बोटभर अधिक लागते, तसे. पहिले चार महिने आरशात काहीच दिसेना. पाचव्यात रात्री दूध पिताना वरचा दात खालच्याला टेकल्यासारखा वाटला. मी दिवा लावून कागदाची पट्टी दातांत धरली आणि ओढली. ती अडकली. सौभाग्यवती उठून बसल्या आणि म्हणाल्या, "परीक्षेचे पेपर खाताय की काय?" त्यांना जवळ बोलावून तीच पट्टी ओढायला सांगितली. त्यांनी दोनदा ओढली, आणि मग घरात या विषयावर कुणी थट्टा केली नाही.

एकूण बावीस महिने लागले. खर्च एका साध्या फटफटीपेक्षा कमी आणि उत्तम सायकलीपेक्षा पुष्कळ जास्त. जाचही होता. तारांच्या फटींत मेथी अडकते, गालाला आतून फोड येतात, स्क्रूभोवती मऊ ब्रश दिवसातून तीनदा फिरवावा लागतो, कारण घाण साचली की सूज येते आणि सूज आली की स्क्रू गेला. व्याख्यानात पहिले पंधरा दिवस माझे 'त' आणि 'द' गाळणीतून आल्यासारखे येत होते. विद्यार्थ्यांनी मात्र अनपेक्षित सभ्यता दाखवली. एका मुलीने तर तास संपल्यावर येऊन डॉक्टरचा पत्ता विचारला.

दात आले तरी जीभ लगेच सुधारली नाही. चाळीस वर्षे खिडकीतून डोकावायची सवय लागलेली. प्रत्येक घोटाला ती पुढे धाव घेई आणि नव्याने मिटलेले दात ढकलू पाही. तेव्हा डॉक्टरने जिभेचा अभ्यास लावून दिला: 'न' म्हणताना जिभेचे टोक टेकते त्याच्या किंचित मागे ते ठेवायचे आणि दातांना न शिवता गिळायचे, दिवसातून साठ वेळा. वर्णोच्चाराच्या मास्तराला वर्णोच्चाराचाच गृहपाठ! मी तो एसटीत करीत असे. रात्री दातांवर पातळ पट्टी अजून घालतो आणि पुढेही घालावी लागेल. अशा रीतीने वर नेलेल्या दाढा पाव हिश्श्याच्या आसपास माघारी येतात, आणि त्यातले बहुतेक पहिल्याच वर्षात, असे अभ्यासांत दिसून आले आहे. माझ्याही खिडकीला केसाएवढी फट पुन्हा पडली आहे. पेरू मात्र तुटतो.

आता आमच्या घरात दुसरा उमेदवार आहे. माझी भाची सव्वीस वर्षांची, सेलूला शिक्षिका आहे. तिचे वरचे दात पुढे आहेत, खालचे दात टाळूला टोचतात आणि तिथली हिरडी वारंवार सुजते. दोन स्थळांनी 'दात जरा पुढे आहेत' असे कळवून नकार दिला, तेव्हा ताईने माझ्याकडे पाहून सुस्कारा सोडला, 'आता हिच्यासाठीही तेच करावं लागणार.' भाची ताडकन म्हणाली, "त्यांच्यासाठी करायचं असेल तर मला नकोच. मामा, माझी हिरडी दुखते, म्हणून करायचं." पैसे ती स्वतःच्या पगारातून भरणार आहे आणि स्थळे पाहणे दोन वर्षे थांबवा, असे तिने आईला बजावले आहे. ताई अजून पुरती राजी नाही. दोन वर्षे म्हणजे मुलगी अठ्ठावीसची होणार, हा हिशेब ती दर फोनवर मला ऐकवते, आणि त्यावर माझ्याकडे भाचीपेक्षा चांगले उत्तर नाही.

तिच्या हिरडीची साफसफाई नवरात्रात झाली. तारा दिवाळीआधीच बसल्या. दोन स्क्रू दिवाळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी बसतील. परवा मी तिला घेऊन दवाखान्यात गेलो होतो, तेव्हा सगळे ऐकून घेतल्यावर तिने डॉक्टरला एकच प्रश्न विचारला: फराळाचे काय? डॉक्टरने गंभीरपणे कागदावर लिहून दिले. करंजी चालेल, शंकरपाळे दुधात भिजवून, चकली तुकडे करून मागच्या दातांनी. कडक बुंदीचा लाडू आणि चिवड्यातले खोबऱ्याचे काप या वर्षी मामांना द्यावेत.